टोपी घातलेलं माप

माझ्या जावयाला दुसऱ्याच्या वतीने बोलायची खोड आहे. कुणी मला विचारलं, "चहा घेणार का?" की मी तोंड उघडायच्या आत हा सांगून मोकळा, "आईंना बिनसाखरेचा." मला साखर लागते. चांगली दोन चमचे लागते. पण चारचौघांत जावयाला खोटं पाडायचं नाही म्हणून तीन दिवस मी तो काढा गिळला. खिडकी उघडू का म्हणून कुणी विचारलं, तर "नको, आईंना वारा सोसत नाही." जेवलात का, तर "आई रात्रीच्या कमीच खातात." मी तिथेच बसलेली असायचे, धडधाकट, बत्तीस दात नसले तरी जीभ शाबूत, आणि माझ्याबद्दल बोलणं चालायचं जणू मी सामानाच्या यादीत आहे.

उत्तरेचे ते आकाशातले दिवे दाखवायची सहल होती. छोटा गट, घरच्यासारखं वातावरण, असं कंपनीच्या कागदावर छापलं होतं. घरच्यासारखं म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून मी त्या शब्दाला भुलले नाही. आम्ही सातजण. एक दातांचा डॉक्टर आणि त्याची बायको, एक नुकतं लग्न झालेलं जोडपं, भूगोल शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर, आणि आम्ही सासू-जावई. वाट दाखवायला एक उंच बाई होती. दर थांब्यावर बोटाने डोकी मोजायची. तिला आम्ही मोजणीबाई म्हणू लागलो, आणि तिलाही ते चाललं.

पहिल्याच दिवशी बसमध्ये डॉक्टरच्या बायकोने विचारलं, तुम्ही दोघंच कसे? मी उत्तर द्यायला श्वास घेतला तोवर याने सुरुवात केली होती.

"माझी बायको गेली आठ महिन्यांपूर्वी. आम्हा दोघांची ही सहल ठरली होती. मग म्हटलं, तिच्या जागी आईंना घेऊन जाऊ. त्यांना तरी आता कोण आहे?"

डॉक्टरच्या बायकोने डोळ्यांना रुमाल लावला. "असा जावई मिळायला भाग्य लागतं हो."

मी खिडकीबाहेर बघितलं. दुपारचे तीन वाजले होते आणि दिवस मिटला होता. काचेत माझंच तोंड दिसत होतं.

त्यांना तरी कोण आहे, म्हणे. मला माझं दुकान आहे. दोन शिलाई यंत्रं, एक कापायचं टेबल, हाताखाली तीन पोरी. एक्केचाळीस वर्षं मी लोकांचे कपडे शिवते आहे. आणि एक मुलगी होती. लहानपणी तिने कोटाचं बटण गिळलं आणि दोन दिवस घर डोक्यावर घ्यायला लावलं, तेव्हापासून सगळी गल्ली तिला बटण म्हणायची. मीही.

मी दिवे बघायला आलेच नव्हते. आकाशात काही पेटलं काय आणि विझलं काय, मला त्याचं काय? मला एकच गोष्ट हवी होती. बटण माझ्यावर रागावून गेली का, एवढंच. ते सांगू शकेल असा जगात एकच माणूस उरला होता, आणि आठ महिने तो माझ्या हातातून रेशमी दोऱ्यासारखा निसटत होता. घरी गेले की कुणीतरी आलेलं असायचं. फोन केला की तो रस्त्यात असायचा. म्हणून सहलीचं विचारल्यावर मी पटकन हो म्हटलं. चार दिवस, एक बस, चहूकडे बर्फ. जाईल कुठे?

आता माझंही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारी फक्त दुसऱ्याची उसवते.

बटण दुपारी दुकानात येऊन बसायची. नोकरी सांभाळून हेम घालून द्यायची, काजं करायची. गेल्या वर्षी ती दमायला लागली. स्टुलावर बसली की भिंतीला टेकायची. एकदा एका गिऱ्हाइकाचा कोट संध्याकाळी द्यायचा होता आणि हिने चार बोटं हेम घालून सुई खाली ठेवली. म्हणाली, "आई, हात थरथरतो." दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हटलं, "ढोंग पुरे झालं. दुखण्याचे लाड थांबव आणि कामाला लाग, आपोआप बरी होशील."

तिने कात्री खुंटीला अडकवली, कोट घडी करून टेबलावर ठेवला आणि गेली.

ते ढोंग नव्हतं. ते काय होतं ते डॉक्टरांना कळायला दोन आठवडे लागले, आणि ते कळल्यानंतर ती नऊ आठवडे जगली. एकूण अकरा आठवडे. त्यात मी पाच वेळा फोन केला, पाचही वेळा जावयाने उचलला. ती झोपली आहे. तपासणीला नेलं आहे. आत्ताच औषध घेतलंय. आणि चौथ्या वेळी, "ती कुणाशीच बोलत नाही. तुमच्याशी तर नाहीच."

तुमच्याशी तर नाहीच. हे वाक्य मी रोज उशाला घेऊन झोपले. मी उठून त्यांच्या घरी का गेले नाही? कुणी पाय धरून ठेवले नव्हते. ताठा होता माझा. तिने बोलवावं, मग जाईन. शेवटी बोलावणं दवाखान्यातून आलं. मी पोचले तेव्हा तिच्या अंगावरची चादर नीट ओढून झाली होती.

असो. सहलीकडे वळते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आकाश मोकळं मिळणार होतं. गावाबाहेर एक लाकडी कोठार होतं, तिथे बर्फात उभं राहायचे कपडे देत. डोक्यापासून पायापर्यंत एकसंध, गोधडीसारखे जाड सूट. कंपनीने आधीच फॉर्म भरून घेतले होते, ज्याचं त्याचं माप घेऊन. आत गेलं की खुंट्यांवर सूट टांगलेले, आणि प्रत्येकाच्या कॉलरला त्याच्या फॉर्मची प्रत टाचणीने लावलेली. ती व्यवस्था बघून मला बरं वाटलं. आमच्या दुकानातही असंच असतं.

माझा फॉर्म मी भरला नव्हता. मला वाटलं जावयाने अंदाजे भरला असेल. मनात म्हटलं, आता बाह्या गुडघ्यापर्यंत येणार. पण मोजणीबाईने दिलेला सूट मी चढवला आणि तो माझ्या अंगावर बसला. म्हणजे कसा बसला? माझा डावा खांदा उजव्यापेक्षा दीड बोट खाली आहे. एक्केचाळीस वर्षं उजव्या हाताने यंत्राचं चाक फिरवून डावीकडे कापड सरकवलं की खांदा पडतो. ते कुणाला दिसत नाही, कारण मी माझे कपडे स्वतः शिवते आणि डावीकडे आत कापडाची घडी घालते. या सुटाच्या डाव्या खांद्यात कुणीतरी आतून तशीच एक पट्टी टाचली होती.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"आमच्या शिवणवाल्याने," मोजणीबाई म्हणाली. "फॉर्ममध्ये लिहून आलं होतं ना. पण आजी, दोन गोष्टी आम्हाला कळल्या नाहीत. इथे खांद्याच्या आकड्यावर हे छपरासारखं काय आहे? आम्ही फोन करून विचारलं, तेव्हा फॉर्म भरणाऱ्या बाई म्हणाल्या डावीकडे पट्टी टाका, बाकी काही विचारू नका."

ते छप्पर नव्हतं, टोपी होती.

मी शाळेत चौथीपर्यंत गेले. आकडे येतात, अक्षरं जुळवून लावते. दुकानाच्या मापाच्या वहीत मी माझ्या खुणा ठेवल्या आहेत. गिऱ्हाईक समोर उभं असतं. कुणाच्या पाठीला बाक, कुणाचा एक पाय आखूड, कुणाचं पोट सुटलेलं. त्याच्या तोंडावर तसं म्हणायचं नाही, आणि वहीत डोकावेल म्हणून लिहायचंही नाही. त्या आकड्यावर छोटीशी टोपी काढायची. टोपी म्हणजे इथे खोट आहे, ती कपड्यात झाकायची आणि बोलायची नाही. बाहेर लोक टोपी घालणं म्हणजे फसवणं म्हणतात. आमच्या दुकानात टोपी घालणं म्हणजे माणसाची लाज राखणं. ही खूण जगात दोघींना येत होती. बटणने ती अक्षरं शिकायच्या आधी उचलली. सहा वर्षांची असताना आत्याच्या फोटोवर नाकाच्या वर टोपी काढली म्हणून माझ्या हातचा मार खाल्ला होता.

मी कॉलरचा कागद काढून दिव्याखाली धरला. तिचंच अक्षर. छाती, घेर, बाही, उंची, पायाचा पंजा, सगळं बरोबर. एक्केचाळीस वर्षांत माझं माप कुणी घेतलं नव्हतं. शिंप्याचं माप कोण घेतो? हिने ते नुसत्या डोळ्यांनी घेतलं होतं, स्टुलावर बसून, भिंतीला टेकून.

"आणि दुसरी गोष्ट कुठली?" मी विचारलं.

"ही खाली. प्रकृतीबद्दल सांगण्यासारखं काही, या रकान्यात. एकच शब्द आहे. तोंड. आणि त्यावरही तेच छप्पर. तुम्हाला दातांचा काही त्रास आहे का?"

"असेल तर लाजू नका, मी आहे," डॉक्टर मागून म्हणाला. सगळे हसले.

मीही हसले. मला हसूच फुटलं, आणि मग ते थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. नव्या नवरीने मला बाकावर बसवलं. तोंड, आणि त्यावर टोपी. आईच्या तोंडात खोट आहे, ती झाकायची, बोलायची नाही. माझी पोर, वात्रट! कागदाच्या कोपऱ्यात तारीख होती. मी बोटांवर मोजलं. मी तिला ढोंगी म्हटल्यानंतर सहा आठवड्यांनी तिने हे लिहिलं होतं.

ज्याच्यासाठी आले होते ते मिळालं होतं. इथेच थांबले असते तर बरं झालं असतं.

पण तेवढ्यात मोजणीबाई जावयाकडे वळली. "साहेब, तुमच्यासाठी जादाच्या कपड्यांतून बघावं लागेल. तुमच्या नावावर दोन बायकांचेच सूट तयार आहेत. एक आई, एक मुलगी. बदलाची चिठ्ठी तुमची आली, पण तोवर कपडे तयार झाले होते."

माझ्या खुंटीशेजारच्या खुंटीवर दुसरा सूट होता. अरुंद, हिरव्या कॉलरचा. त्यालाही कागद टाचलेला.

मास्तरांनी उगाच आपल्या बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली. मी उठले आणि तो कागद वाचला. छाती अठ्ठावीस. दोन वर्षांपूर्वी मी तिला कोट शिवला तेव्हा चौतीस होती. कंबर बावीस. दंड, मनगट. दवाखान्यात मी चादर बाजूला केली नव्हती, कुणी करू दिली नव्हती. ती किती उरली होती ते मला आत्ता कळलं, आकड्यांवरून. कुठेही टोपी नव्हती. स्वतःचं काही झाकलं नव्हतं तिने.

"चला चला, सहा वाजले, आकाश आपल्यासाठी थांबत नाही," मोजणीबाई हलक्या आवाजात म्हणाली. तिचाही नाइलाज होता. आम्ही निघालो. तो सूट खुंटीवर राहिला.

बाहेर एक मोठं सपाट मैदान होतं, बहुतेक गोठलेलं तळं. पायाखाली बर्फ करकरत होता. थंडी अशी, की नाकातला श्वास आतल्या आत टोचत होता. घड्याळात संध्याकाळ आणि डोक्यावर काळंकुट्ट. मोजणीबाईने डोकी मोजली. सात. मग ती बोट दाखवून म्हणाली, "तिकडे बघा."

मला आधी काही दिसलं नाही. मग टेकडीच्या वर एक फिकट पट्टा दिसला, राखाडी. कापडावर खडूने रेघ मारावी आणि ती चुकली म्हणून तळहाताने पुसावी, तसा. तो हळूहळू लांब झाला, त्याला चुण्या पडल्या, खालची कड हलली. उसवलेलं अस्तर वाऱ्यावर लोंबावं तसं ते काहीतरी आकाशभर लोंबत होतं. रंग म्हणाल तर नाही. बाकी सगळे मात्र फोन वर धरून ओरडत होते, हिरवं, केवढं हिरवं!

"डोळ्यांना ते बहुतेक वेळा राखाडीच दिसतं," मास्तर माझ्या शेजारी येऊन म्हणाले. "अंधारात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाही. कॅमेऱ्याला कळतो."

"आजी, माझ्या फोनमधून बघता का?" डॉक्टरच्या बायकोने विचारलं.

"नको," जावई म्हणाला. "आईंना फोनमधलं दिसत नाही."

"मला दिसतं," मी म्हटलं. "सगळं दिसतं. तुम्ही जरा इकडे या, जावईबापू."

आम्ही वीसेक पावलं बाजूला गेलो. जादाच्या कपड्यांतला सूट त्याला आखूड होता, मनगटं उघडी पडली होती. मला ती दिसली आणि सवयीने मनात आलं, बाहीला तीन बोटं सोडायला हवीत. मी तो विचार झटकला.

"ही सहल कुणासाठी होती?"

त्याने खाली बघितलं. "तुम्ही वाचलंत ना."

"तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. एरवी सगळ्यांच्या वतीने बोलता, आज स्वतःच्या वतीने बोला."

"तिच्यासाठी आणि तुमच्यासाठी." त्याने आखूड बाही खाली ओढली. "ती म्हणायची, आईने जन्मभर दुकानातल्या ट्यूबलाइटखेरीज दुसरा उजेड बघितला नाही. मी बरी झाले की घेऊन जाईन. मग नंतर म्हणाली, मी नसले तर तू घेऊन जा. मी शब्द दिला होता. तो पाळला की नाही?"

"पाळलात. आणि फोन? ती माझ्याशी बोलत नाही म्हणालात. तुमच्याशी तर नाहीच. हे तिचे शब्द की तुमचे?"

मागे नवी नवरी किंचाळत होती, "अगं बाई, जांभळं पण आलं!"

"माझे," तो म्हणाला.

"ती काय म्हणायची?"

"आईला फोन लाव म्हणायची."

"किती वेळा?"

"रोजच. पहिले काही आठवडे." तो माझ्याकडे वळला. "तुम्ही तिला ढोंगी म्हणालात, आई. परक्यांसमोर. घरी येऊन तीन दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी बघितलंय ते, तुम्ही नाही. मला भीती वाटायची, फोन दिला आणि तुम्ही परत काहीतरी बोललात तर? तुमचा काय भरवसा? म्हणून उद्या म्हणायचो. उद्या लावू."

"आणि मी येत का नाही म्हणून तिने विचारलं असेल. काय सांगायचात?"

"दुकानात सीझन आहे म्हणून."

"सीझन."

"हो. म्हणायचो आईंना वेळ नाही. मग तिने विचारणं बंद केलं. मला वाटलं, विसरली."

ती विसरली नव्हती. ती सुईच्या टोकाएवढी गोष्ट विसरत नसे. सीझन आहे, आईला वेळ नाही, हे ऐकून तिने मान हलवली असेल, कारण जन्मभर मी तिला तेच ऐकवलं होतं. त्याचं खोटं तिला खरं वाटावं अशी सोय मीच करून ठेवली होती. हे मला त्या बर्फात उभ्याउभ्या कळलं आणि माझा पाय घसरला. त्याने मला धरायला हात पुढे केला. मी तो घेतला नाही. बर्फासाठी दिलेल्या काठीवर भार टाकून सरळ झाले.

"तिकडे सगळ्यांना सांगितलंत, मी आईंना आणलं. तिच्या जागी."

"लोकांना एवढं कुठे सांगत बसायचं?"

"मी तिच्या जागी आलेले नाही. मी माझ्या जागी आले आहे. तिच्या जागी तुम्ही उभे आहात, आणि तिचे कपडे तुम्हाला झाले नाहीत."

तो रडायला लागला. मोठा माणूस, बाह्या आखूड, नाकातून पाणी आणि ते मिशीवर गोठतंय. मला त्याची दया आली. ती येणारच. त्याने तिला अकरा आठवडे उचललं, पुसलं, भरवलं, हे मी नाकारत नाही. मी त्यातला एक दिवसही केला नाही. पण दया आली म्हणून माप बदलत नाही. छाती अठ्ठावीस होती तर अठ्ठावीसच लिहायची.

लांबून मोजणीबाईने हाक मारली, बसकडे या, डोकी मोजायची आहेत. वरचा तो पुसलेला खडू आता जवळजवळ गेला होता. डॉक्टरची बायको आमच्याकडे येत होती, हातात थर्मास. आमचे चेहरे बघून ती घुटमळली, मग जावयालाच विचारलं, "आजींना बरं वाटत नाहीये का? चहा देऊ?"

त्याने सवयीने तोंड उघडलं. मी हात वर केला.

"द्या," मी म्हटलं. "दोन चमचे साखर घालून." आणि ती तिथे उभी असतानाच, तिला ऐकू जाईल अशा आवाजात, मी त्याच्याकडे वळले.

"जावईबापू, माझ्या पोरीने माझ्या तोंडावर टोपी घातली, ती मी मरेपर्यंत डोक्यावर घेऊन मिरवीन. तुम्ही मला आठ महिने वेगळीच टोपी घातलीत. मी जन्मभर लोकांची खोट झाकली, परक्यांचीही झाकली. तुमची झाकणार नाही. तुम्ही तिची सेवा केलीत, तेही सांगेन, आणि तिची हाक माझ्यापर्यंत येऊ दिली नाहीत, तेही सांगेन. जो विचारेल त्याला, माझ्या तोंडाने. तुम्ही मध्ये बोलायचं नाही."